मदत हवी आहे: शुक्रवारच्या हॉकी सामन्यावरचा लेख अडलाय

निळी_शाल
मंडळाच्या पत्रिकेला शुक्रवारच्या सामन्यावर छोटा लेख द्यायचाय, आज रात्रीच. मंडळातली बरीच कुटुंबं एकत्र जाणार आहेत, बहुतेकांचा आइस हॉकीचा पहिलाच सामना. एक परिच्छेद झाला आणि गाडी अडली. दोन्ही संघ प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) आधीच पात्र ठरलेत, मग हा सामना एवढा मोठा का, हे नवख्या माणसाला पटेल असं कसं लिहू? मला आतून कळतंय, कागदावर उतरत नाहीये. लवकर सांगा.

खडकीकर
कुठले संघ? कुठली लीग? घरचा सामना की बाहेरचा?

मेपलप्रेमी
टोरांटोच असणार. १९६७ नंतर स्टॅनले कप (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं विजेतेपद) नाही, इथूनच सुरुवात करा. तेवढं एक वाक्य वाचून अख्खं मंडळ तुमच्या बाजूला येईल.

निळी_शाल
अहो टोरांटो नाही! किचनर आणि लंडन.

अनामिका_ठाणे
लंडनला आइस हॉकी इतकी जोरात चालते हे माहीत नव्हतं. माझी नणंद तिथेच असते, तिला विचारू का?

निळी_शाल
ताई, इंग्लंडचं नाही, कॅनडातल्या ऑन्टारिओतलं लंडन. ओएचएल (ऑन्टारिओ हॉकी लीग), म्हणजे १६ ते २० वर्षांच्या मुलांची लीग. किचनर रेंजर्स आणि लंडन नाइट्स, दोघेही मिडवेस्ट डिव्हिजनचे, म्हणजे एकाच गटातले. सामना किचनरच्या ऑडिटोरियममध्ये, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या स्टेडियममध्ये.

बर्फाचा_गोळा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता ऐका. ओएचएलमध्ये प्रत्येक कॉन्फरन्समधून (लीगच्या अर्ध्या भागातून, त्यात दोन डिव्हिजन) आठ संघ प्लेऑफला जातात. पण डिव्हिजन जिंकणाऱ्या दोघांना थेट पहिलं आणि दुसरं मानांकन मिळतं. डिव्हिजनमध्ये दुसरा आलेला संघ गुणांनी पलीकडच्या वेस्ट डिव्हिजनच्या विजेत्यापेक्षा पुढे असला, तरी त्याला तिसऱ्याच्या वर जाता येत नाही. म्हणजे शुक्रवारी भांडण पात्रतेचं नाही, जागेचं आहे. दुसऱ्याची गाठ सातव्याशी पडते, तिसऱ्याची सहाव्याशी. पुढे तिसरा आणि दुसरा समोरासमोर आले, तर घरचा बर्फ (जास्तीचा सामना आपल्या मैदानावर) दुसऱ्याचा. मोसमाचे ६८ सामने खेळून ही जागा एका रात्रीत हातची जाऊ शकते.

गुणतक्त्यात दोघांत किती अंतर आहे? आणि सामने किती उरलेत?

निळी_शाल
हेच हवं होतं! अंतर दोन गुणांचं, लंडन पुढे.

बर्फाचा_गोळा
आणि उरलेले सामने?

मेपलप्रेमी
उरलेले सामने सोडा, २०२४ चा वॉशिंग्टन–फिलाडेल्फिया सामना घाला लेखात. तेही एकाच डिव्हिजनचे. १६ एप्रिल, मोसमाचा शेवट, १-१ बरोबरी, आणि फिलाडेल्फियाने जादा खेळाडू चढाईला उतरवायला गोलरक्षक बाहेर काढला, कारण त्यांना साठ मिनिटांच्या आतच जिंकायला हवं होतं. वॉशिंग्टनने रिकाम्या जाळ्यात गोल मारला, २-१. शेवटी वॉशिंग्टन आणि प्लेऑफच्या जागेसाठी झगडणारं डेट्रॉइट, दोघांचेही ९१ गुण, पण निर्धारित वेळेतले विजय जास्त म्हणून वॉशिंग्टन आत, डेट्रॉइट बाहेर. याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

बर्फाचा_गोळा
उदाहरण उत्तम, पण तो एनएचएलचा नियम. समान गुण झाले तर ओएचएल काय करते हे त्यांच्याच नियमांत पाहायला हवं. नवख्यांना आधी साधं गणित द्या: विजयाला दोन गुण, साठ मिनिटांनंतरच्या ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूच्या फटक्यांत) हरलं तरी एक. साठ मिनिटांत किचनर जिंकलं की दोघे बरोबरीत. ओव्हरटाइममध्ये जिंकलं तर लंडन अजून एका गुणाने पुढेच. साठाव्या मिनिटाला बरोबरी असेल तर टाळ्या कोणी वाजवायच्या, हे लोकांना एवढ्यावरूनच कळेल.

मेपलप्रेमी
गणिताने कोणी जॅकेट चढवून घराबाहेर पडत नाही. गोष्ट लागते.

खडकीकर
मग गोष्ट या दोन गावांचीच सांगा. ४०१ महामार्गावरून तासाभरात एकमेकांकडे पोचतात. लंडनचे मेमोरियल कप (कॅनडातल्या ज्युनियर हॉकीचं विजेतेपद) २००५, २०१६ आणि २०२५ चे, किचनरचे १९८२ आणि २००३ चे. २०२५ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये लंडनने किचनरला चारही सामन्यांत हरवलं होतं. हे ऑडिटोरियममधला प्रत्येक माणूस मनात धरून बसलेला असणार.

गोलरक्षक कोण खेळणार तेही पाहा. या लीगमध्ये तीन रात्रींत तीन सामने सहज येतात, मधे बसचा प्रवास. लंडन आदल्या रात्री कुठे खेळलंय?

अनामिका_ठाणे
भारतात आइस हॉकी पाहायची असेल तर जानेवारीत लेहला जा. आम्ही तिथे मुलींचा सामना पाहिला, प्रेक्षक गोठले होते पण कोणी जागचं हललं नाही. आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया कपचं कांस्य जिंकलं, तेही लेखात येऊ द्या.

वॉटर्लूची_सई
लेखात कपड्यांबद्दल दोन ओळी हव्यातच. आत बर्फ असतो, लहान मुलांना मोजे आणि कानटोपी पाहिजेच. आणि बसची वेळ लिहा.

निळी_शाल
बस दुसरं कोणी पाहतंय. हा परिच्छेद पाहा:

"किचनर आणि लंडन दोघेही प्लेऑफला पोचले आहेत, पण डिव्हिजन एकालाच जिंकता येईल. हरणारा कितीही गुण मिळवो, तिसऱ्याच्या वर कधीच जाणार नाही. किचनरने साठ मिनिटांत सामना जिंकला तर दोघे बरोबरीत येतात. ओव्हरटाइम झाला तर हरूनही लंडन एक गुण घेऊन जातं. म्हणून तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात बरोबरी असेल, तर लंडन सावध खेळताना दिसेल आणि किचनर धावताना."

बर्फाचा_गोळा
शेवटचं वाक्य फार छान. पण "हरणारा" खोडा आणि "डिव्हिजनमध्ये दुसरा येणारा" लिहा. शुक्रवारी हरूनही उरलेल्या सामन्यांत डिव्हिजन जिंकता येऊ शकते. म्हणून तर दोनदा विचारलं, किती सामने उरलेत?

निळी_शाल
दोन्ही संघांचे तीन-तीन, शुक्रवार धरून. लंडन गुरुवारी घरीच खेळतंय.

खडकीकर
मग त्यांच्या पहिल्या गोलरक्षकाला गुरुवारी विश्रांती देतात का, तेवढं पाहूनच लेख पाठवा. दिली, तर शुक्रवार त्यांनाही किती महत्त्वाचा वाटतो ते त्यातूनच कळेल.

मेपलप्रेमी
आणि वॉशिंग्टनची गोष्ट चौकटीत तरी टाका.