चर्च, देऊळ, मंडळी की ख्रिस्तसभा?

प्रश्न : 'चर्चला रंग दिला' आणि 'चर्चने विरोध केला' अशी दोन्ही वाक्यं पेपरात वाचतो. इमारत आणि संस्था यांना मराठीत वेगळे शब्द नाहीत का?

उत्तर : आहेत, आणि रोजच्या वापरातले आहेत, ख्रिस्ती घरांबाहेर फारसे गेले नाहीत इतकंच. मी साताऱ्याचा कॅथलिक. आमच्याकडे इमारतीला चर्चच म्हणतात. कोकणीत इगर्ज म्हणतात, वसईचे ख्रिस्ती देऊळ म्हणतात. सातारा भागावर पोर्तुगीजांचा अंमल नव्हता, म्हणून 'इगर्ज' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द इथं नाही; इंग्रजी अमदानीत आलेला शब्द इथं रुळला. वसईकरांचं 'देऊळ' मला फार आवडतं, पण साताऱ्यात 'देवळात जाऊन येतो' म्हटलं की समोरचा 'कुठल्या?' म्हणून विचारणारच.

संस्थेला आमचा शब्द ख्रिस्तसभा. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, श्रद्धा प्रकट करताना 'पवित्र कॅथलिक ख्रिस्तसभा' असंच म्हणतो. बिशपांच्या अखत्यारीतला तो धर्मप्रांत (साताऱ्यासाठी पुणे धर्मप्रांत), आणि त्यातला एकेका फादरकडे सोपवलेला भाग म्हणजे धर्मग्राम.

व्युत्पत्ती बघण्यासारखी आहे. 'इगर्ज' पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला आणि तो ग्रीक 'एक्लेसिया'वरून. एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेली सभा. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचं हेच नाव होतं. 'चर्च'च्या मुळाशी मात्र 'कुरियाकोन', म्हणजे प्रभूचं घर. म्हणजे इगर्ज मुळात माणसांची, चर्च मुळात वास्तू. 'ख्रिस्तसभा' एक्लेसियाशी बरोबर जुळतो.

दुसरे सदस्य : मिरजेत आमचे ख्रिस्ती शेजारी 'मंडळी' म्हणतात, ते काय?

उत्तर : ते बहुधा प्रॉटेस्टंट असतील. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये प्रेसबिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) मिशनचा दवाखाना काढला, ती परंपरा तिथं खोलवर आहे. प्रॉटेस्टंटांच्या मराठी बायबलात एक्लेसियाला 'मंडळी' हाच शब्द आहे. या खडकावर मी आपली मंडळी रचीन, असं येशू आपल्या पेत्र या शिष्याला सांगतो. माझी मामी त्यांच्यातली. तिच्याकडे फादर नाही, पाळक. घरात कुणी आजारी पडलं की ती सांगते, 'काल मंडळी येऊन प्रार्थना करून गेली.' त्यात पाळक आले, पेटी वाजवणारा पोरगा आला, पेजेचं पातेलं घेऊन आलेली शेजारीणही आली. 'काल ख्रिस्तसभा येऊन गेली' असं आमच्यात कुणी म्हणत नाही. इथं आमचा शब्द उणा पडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1964 मध्ये ख्रिस्तसभेवर जो दस्तऐवज काढला, त्यात 'देवाची प्रजा' हे प्रकरण बिशप-धर्मगुरूंच्या प्रकरणाआधी ठेवलं आहे. हे मानायचं तर 'मंडळी' आम्हीही मनापासून वापरावा.

तिसरे सदस्य : पण आमच्या तासगावकडं मंडळी म्हणजे बायको!

उत्तर : 'आमची मंडळी' म्हटलं तर बायको, 'मंडळी, बसून घ्या' म्हटलं तर अख्खी पंगत. घोटाळा कधी होत नाही. घरातल्या माणसाला लावायचा शब्द धर्मबांधवांना लागतो, म्हणूनच तो मला जवळचा वाटतो.

पहिले सदस्य : मग बातमीत काय लिहावं?

उत्तर : बोलणारा कोण, ते लिहावं. पत्रक बिशपांनी काढलं असेल तर 'बिशपांनी'. श्रद्धेची शिकवण असेल तर 'ख्रिस्तसभेनं'. मोर्चाला लोक आले असतील तर 'ख्रिस्ती लोकांनी'. नुसतं 'चर्चनं' लिहिलं की एका माणसाचं मत रोमपासून साताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या माथी बसतं. 'चर्च' इमारतीपुरता ठेवावा.