मदत हवी आहे: 'टेबल' करा म्हणजे चर्चा करायची की नाही करायची? (तातडीचं)

अर्धवट_इंजिनिअर (मंगळवार, संध्याकाळी ६.१०)
डिक्शनरी बघून झालीय, कृपया तेच परत सांगू नका. टेबल या शब्दाचे ती दोन अर्थ देते आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत. एक म्हणतो विषय चर्चेला घ्या, दुसरा म्हणतो बाजूला ठेवा. असं कसं चालतं? क्लायंटच्या मेलमध्ये आलाय हा शब्द. आठ वाजता मला मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) पाठवायचेत. लीड म्हणतो चर्चेला घ्यायचंय, बाजूच्या डेस्कवरची म्हणते गुंडाळलं. नक्की काय? लवकर सांगा प्लीज.

पेठेतला_कुणी
आम्हाला टेबलाखालून काय होतं तेवढंच माहीत. वरचं शहाण्यांना विचारा.

खडूस_मास्तर
पूर्ण वाक्य कुठाय? मेल कुणाचा, कुठल्या देशातला? शब्द नाम आहे की क्रियापद? पेशंट घरी ठेवून औषध मागायला आलात.

एक्सेलवाला
सोपं आहे. डेटा सिलेक्ट करा, कंट्रोल टी दाबा, हेडरची टिक विसरू नका. मिनिट्स टेबलमध्ये दिले की क्लायंट खूश, स्वानुभव आहे.

अर्धवट_इंजिनिअर
काका, ते टेबल नाही हो. क्रियापद आहे. व्हेंडर लिस्ट 'टेबल' करू असं लिहिलंय. ५० मिनिटं उरली ढोबळमानाने.

प्रेस_गॅलरी
अधिवेशनाच्या बातम्या करण्यात उमेद गेली माझी. 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल. ते पटल म्हणजे हेच टेबल! ब्रिटिश पार्लमेंटची पद्धत, तीच आपल्या संसदेत आणि विधिमंडळात आली. पटलावर आलं म्हणजे सगळ्यांपुढे मांडलं. तुमचा लीड बरोबर आहे, विषय संपला.

खडूस_मास्तर
मांडलं म्हणजे चर्चा झाली असं नव्हे. शेवटच्या दिवशी पटलावर आलेल्या अहवालांवर किती चर्चा होते ते तुम्हीच जास्त पाहिलं असेल.

न्यूजर्सीची_काकू
विषय संपला कसा? २१ वर्षं इकडे काढलीत मी. अमेरिकेत टेबल केलं म्हणजे बासनात बांधलं. आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या पार्किंगचा विषय कुणी काढला की अध्यक्षीणबाई तो टेबल करतात, चार वर्षं झाली. इथे बऱ्याच सभा 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर'नुसार चालतात, मूळ पुस्तक १८७६ चं. त्यात 'ले ऑन द टेबल' म्हणजे हातातला विषय तात्पुरता बाजूला ठेवणं. काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, तर तसा ठराव मंजूर झाला की मूळ प्रस्तावाचं तेरावं झालंच म्हणून समजा.

प्रेस_गॅलरी
अमेरिकनांनी वाट लावलेली इंग्रजी प्रमाण मानायची का आता?

खडूस_मास्तर
भांडू नका, दोघंही बरोबर आहात. ब्रिटिशाने कागद टेबलावर ठेवला तो सगळ्यांनी बघावा म्हणून, अमेरिकनाने ठेवला तो आपले हात मोकळे व्हावेत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांची चांगली जुंपली होती, चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते 'टेबल करा' म्हणत होते, अमेरिकनांना वाटलं हे तो खणात टाकून विसरायला सांगतायत. बराच वेळ वाजल्यावर कळलं, दोघांना एकच हवंय. म्हणून परत विचारतो, क्लायंट कुठला?

अर्धवट_इंजिनिअर
टोरांटो. सॉरी, सांगायचं राहिलं.

न्यूजर्सीची_काकू
मग झालं तर. बाजूला ठेवा.

प्रेस_गॅलरी
काकू, कॅनडाचं पार्लमेंट ब्रिटिश पद्धतीचं आहे. तिथे टेबल करणं म्हणजे मांडणंच.

माय_मराठी
मुळात टेबल हवंच कशाला? मेज म्हणा की.

डिचोलीकर
मेज तरी तुमचं कुठे? पोर्तुगीज 'मेझा'. आमच्या गोंयात अजून मेजच म्हणतात.

माय_मराठी
फारसी आहे ते. सगळं पोर्तुगीजांनी दिलं नाही.

डिचोलीकर
बटाटा, चावी आणि पगार परत करा, मग बोलू.

मिसिसागाचा_मध्या
इकडे टोरांटोजवळ आत्ता सकाळ आहे, चहा घेता घेता लिहितोय. संसदेच्या बातमीत टेबल म्हणजे मांडणं, हे खरं. ऑफिसात मात्र बोलणारा कोण त्यावर. माझा आधीचा बॉस लंडनचा, नंतरची डेट्रॉइटची. सहा महिने मी निव्वळ चेहऱ्यांवरून अर्थ लावला. वाक्य द्या राव.

अर्धवट_इंजिनिअर (७.२१)
घ्या. 'कॅन वी टेबल द व्हेंडर लिस्ट फॉर थर्सडे?'

खडूस_मास्तर
हे सव्वासहाला दिलं असतंत तर एवढं रामायण झालं नसतं. 'टिल' असतं तर पुढे ढकललं हे उघड होतं. 'फॉर' दोन्हीकडे खपतं. पण मांडायचं म्हणा की ढकलायचं, चर्चा गुरुवारीच आहे ना? मिनिट्समध्ये 'व्हेंडर लिस्ट: गुरुवारी' एवढंच लिहा आणि घरी जा.

अर्धवट_इंजिनिअर
पण सर, मांडायची असेल तर मला ती करावी लागेल. अजून झालीच नाहीये.

पेठेतला_कुणी
आत्ता कळलं घाम कशाचा ते.

न्यूजर्सीची_काकू
सरळ विचार ना रे त्यांना.

अर्धवट_इंजिनिअर
काकू, 'टेबल' म्हणजे काय असं विचारू? दोन महिन्यांत अप्रेझल आहे माझं.

मिसिसागाचा_मध्या
शब्दाचं विचारूच नकोस, कामाचं विचार. 'शाल आय सेंड द लिस्ट बाय वेन्सडे ईव्हनिंग?' बस. टेबल कुठे आलंच नाही. मीही पुढे हेच करायला लागलो, चेहरे वाचणं सोडून दिलं.

अर्धवट_इंजिनिअर (७.५२)
पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'येस प्लीज, विथ प्राइसेस.' किमतींचं आजवर कुणी बोललंच नव्हतं! आता सतरा व्हेंडरांना फोन. मिनिट्स गेले मात्र. सगळ्यांचे आभार, मास्तरांचे शिव्यांसकट.

एक्सेलवाला
किमती आल्या म्हणजे टेबल लागणारच. कंट्रोल टी.