शील देवाने घडवायचे, तर आपण नेमके काय करायचे?

प्रश्न | सायंप्रार्थना

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

मी ख्रिस्ती घरात जन्मले आणि माझे दृढीकरण, म्हणजे विश्वास स्वतः कबूल करून मंडळीत घेतले जाण्याचा विधी, होऊन आता सव्वीस वर्षे झाली आहेत. माझ्या सासूबाई गेली तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सारे मीच करते. भरवताना पेज निवली की त्या तोंड फिरवतात, गरम करून आणली की पोळते म्हणतात, आणि तिसऱ्या खेपेस माझ्या हातून वाटी इतक्या जोराने ठेवली जाते की पेज चादरीवर सांडते. त्या काही बोलत नाहीत, फक्त माझ्याकडे पाहतात. चादर बदलताना मला रडू येते, रात्री मी देवाकडे क्षमा मागते, प्रभुभोजनाआधी पुन्हा निश्चय करते आणि मंगळवारपर्यंत तो मोडलेला असतो.

गेल्या महिन्यात उपदेशात ऐकले की शील आपण घडवायचे नसते, ते देवाला घडवू द्यायचे असते. बोलणे मनाला पटले, पण घरी आल्यावर त्याचे काय करावे हे कळेना. घडवू द्यायचे म्हणजे मी प्रयत्न सोडायचा का? सोडला तर वाटी आणखी जोराने आपटेल अशी मला भीती वाटते. आणि प्रयत्न मीच करायचा असेल, तर देव करतो ते काय? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर | निवृत्त पाळक

ताई, तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या, नव्या करारातल्या पत्रात एकाच दमात मांडल्या आहेत. आपले तारण भीत व कापत साधून घ्या, असे तो दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात सांगतो, आणि तेराव्यात त्याचे कारण देतो की इच्छा आणि कृती ही दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. आपण अर्धे करायचे आणि उरलेले अर्धे देवाने, अशी वाटणी तिथे नाही. देव आत काम करत आहे म्हणूनच आपल्या हालचालीला अर्थ आहे. तेव्हा प्रयत्न सोडू नका. मात्र तो कुठे लावायचा, हे बदलून पाहा. आजवर तो सारा राग दाबण्यावर लागला आहे. तो प्रार्थनेवर, वचनावर आणि चूक झाल्या क्षणी ती कबूल करण्यावर लागू द्या.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल देहाची 'कर्मे' म्हणतो, पण आत्म्याचे 'फळ' म्हणतो, आणि मूळ ग्रीकमध्ये तो शब्द एकवचनी आहे. प्रीती, शांती, सहनशीलता, सौम्यता हे सारे मिळून एकच फळ आहे, त्यामुळे एकट्या सहनशीलतेचा वेगळा निश्चय करून ती हाती लागत नाही.

बदल घडायला लागणाऱ्या उशिराबद्दलही लिहितो, कारण तुमच्या पत्रात तीच खंत अधिक दिसते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, हे आपल्या ध्यानात येण्यास सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिले आहे. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या आणि लोकांच्या विरोधाला न डगमगलेल्या बाईंनी हे लिहावे, याचा मला फार आधार वाटतो.

उत्तर | द्राक्षबागाईतदार, निफाड तालुका

ताई, पाळकसाहेबांनी शास्त्र सांगितले. मी बागेतले सांगतो. 'माझा पिता माळी आहे' हे योहानाच्या पंधराव्या अध्यायातले वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो, पण ते समजले बाग हातात आल्यावर.

आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो तेव्हा ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवरच्या, सगळ्या काड्या एकेका डोळ्यावर, म्हणजे एकच कोंब राखून, कापून टाकतो आणि भर उन्हात मांडव उघडाबोडका दिसतो. नवखा माणूस पाहील तर म्हणेल की बाग मोडली. या छाटणीने द्राक्ष मिळत नाही. मिळते ती नवी काडी. ती फुटल्यावर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या घडाचा गर्भ तयार होतो, त्याला आम्ही सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो. बाहेरून काही कळत नाही, डोळा तपकिरी आणि मिटलेलाच असतो. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीआधी आम्ही काड्या तपासायला देतो. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगतात. त्यानंतरच कात्री कुठे लावायची ते ठरते. खाण्याजोगे द्राक्ष हाती येईपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडलेला असतो.

या सगळ्यात काडीचे काम एवढेच, की तिने ओलांड्याला धरून राहायचे आणि ऊन घ्यायचे. पानांची दाटी होऊन काडी सावलीत राहिली तर डोळ्यात घड धरत नाही, म्हणून आम्ही जादा फुटी काढतो. तुमच्या मंगळवारी वाटी आपटते हे खरे, पण तेवढ्यावरून डोळ्यात काय धरले आहे ते तुम्हाला दिसणार नाही आणि मलाही नाही. चादर बदलताना रडू येते, असे तुम्ही लिहिले आहे. सुकलेल्या काडीला ते येत नाही, असे मला मनापासून वाटते.

उत्तर | परिचारिका, सोलापूर

काकांचे वाचून डोळ्यांत पाणी आले, तरीही एक काळजी मांडते. छाटणीचे वचन आपल्या मंडळ्यांमधून फार सहजपणे सुनांना सांगितले जाते, आणि त्याच्या आडून बाकीचे घर मोकळे राहते. कात्री पित्याच्या हातात आहे, नातलगांच्या नाही. तीन वर्षे एकटीने रुग्णसेवा करणे ही सारीच्या सारी देवाची योजना आहे, असे मी म्हणणार नाही. निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला आणखी धीर धरण्याचा उपदेश कोणी केला नाही. बसायला धोंडा आणून दिला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले. आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या कोणी भरवावे, हे दीर-जावांना स्पष्ट सांगा. ते सांगण्यालाही सौम्यता आणि धैर्य लागते, आणि शील तिथेही घडते.

दुसरे माझ्या कामातले सांगते. अंथरुणावरचा रुग्ण कोमट अन्नही पोळते म्हणत असेल तर आधी त्याचे तोंड बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे. भरवताना पाठीमागे उशा देऊन बसते करावे, आणि गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना त्वरित सांगावे.

उत्तर | सायंप्रार्थना

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. सोलापूरच्या ताईंचे वाचून त्याच संध्याकाळी मी बॅटरी लावून पाहिले. आईंच्या कवळीखाली दोन ठिकाणी लालभडक चट्टे होते. त्या खरेच सांगत होत्या आणि मी ते हट्ट म्हणून ऐकत होते. डॉक्टरांनी लावायला औषध दिले आहे व काही दिवस कवळी काढून ठेवायला सांगितली आहे. मी सहनशीलता मागत होते, आणि मिळाले ते नीट पाहणे. हेही त्याच फळात येत असावे, असे पाळकसाहेबांचे पुन्हा वाचताना वाटले.

जाऊबाईंशी बोलले. बोलताना आवाज चढला नाही, याचे मलाच नवल वाटले. शनिवार-रविवार त्या येणार आहेत.

काल मात्र वाटी पुन्हा आपटली. रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत न थांबता मी तिथेच म्हटले, "आई, चुकले माझे." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी तोंड उघडले आणि उरलेली पेज संपवली.