मदत हवी आहे: आजोबांची गाडी बेबी हिंदुस्तान की हिंदुस्तान १४?
निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोर काढलेला आजोबांचा फोटो सापडलाय. मागे शाईने १९५५ लिहिलंय. गाडी चार दारांची, दिवे मडगार्डवर, पुढची काच मधल्या उभ्या पट्टीने दुभागलेली. नंबरप्लेट आजोबांच्या धोतराआड गेलीय. बोनेटवरचा बिल्ला मोठा करून पाहिला, नुसता पांढरा ठिपका दिसतो. मूळ फोटो ताईकडे खानापूरला आहे, त्यामुळे नवीन स्कॅन दिवाळीनंतरच मिळेल.

चिकोडीचे एक जुने मेस्त्री ही हिंदुस्तान मोटर्सचीच लँडमास्टर गाडी म्हणाले, पण तिची काच अखंड असते. मला मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीवरून केलेली बेबी हिंदुस्तान किंवा मॉरिस ऑक्सफर्डवरची हिंदुस्तान १४ वाटते. दोघींचं गोलसर वळण फार सारखं आहे. बिल्ला दिसत नसताना नुसती जाळी, मडगार्ड बघून यांतली कोणती हे कसं ओळखायचं?