मदत हवी आहे: लिबरल आर्ट्स कॉलेजातून सायबर सिक्युरिटी?

नमस्कार मंडळी, भाची बारावी सायन्स झाली, नाशिकच्या सिडकोत राहते, तिला सायबर सिक्युरिटीच करायचीये पण इंजिनिअरिंग नको, लिबरल आर्ट्स कॉलेजात (जिथे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र घेता येतात) चार वर्षांची डिग्री आणि सोबत सायकॉलॉजी नि कायदा शिकायचाय म्हणते. मला पटतं खरं, कारण ओटीपी उकळणारे कुठे कोड फोडतात, ते माणसालाच गंडवतात, शिवाय २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा समजणारी माणसं लागणारच ना. पण नेटवर्किंग, लिनक्सची प्रॅक्टिकलं, क्रिप्टोग्राफीचं (माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याचं) गणित तिथे नीट होतं का? दाजींचं एकच, सीईटीवर नाशकातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन घे (गंगापूर रोडच्या पुढे पोरगी जाऊच नये असं आहे त्यांचं). पुढे एमसीए, एमटेकला अडतं का? कंपन्या सिक्युरिटी प्लससारखं सर्टिफिकेट बघतात की डिग्री? कुणाच्या घरात कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.