अंध विद्यार्थ्याला अर्थशास्त्रातील आलेख कसे शिकवावेत?

प्रश्न :
मी एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. यंदा द्वितीय वर्षाला एक पूर्णतः अंध विद्यार्थी आहे. तो माझी तासिका मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो. परंतु "हा वक्र असा इकडे सरकला, की किंमत इथे येते" एवढ्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही, हे मला पहिल्या चाचणीनंतर उमगले. टिपणांची पीडीएफही त्याला वाचता येत नाही. काय करावे?

उत्तर 1 :
मी स्वतः दृष्टिहीन असून महाविद्यालयात शिकवतो. स्कॅन केलेले पान म्हणजे संगणकाच्या लेखी निव्वळ चित्र. आणि युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी आत तो रोमन अक्षरांतच साठवलेला असतो; स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, ती अक्षरे निरर्थकपणे बडबडत सुटते. टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित करून वर्ड फाइल द्यावी. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ती मराठीत वाचतो. फळ्याजवळ 'हा', 'इथे' टाळून आकडे बोलावेत : किंमत 10 वरून 12 रुपये झाली, मागणी 100 किलोंवरून 80 वर आली. आलेखासाठी पुठ्ठ्यावर अक्षांच्या जागी काडेपेटीच्या काड्या, मागणीसाठी जाड सुतळी, पुरवठ्यासाठी बारीक दोरा आणि दोन्ही जिथे छेदतात त्या समतोल बिंदूवर मसुरीचा दाणा चिकटवावा. महागड्या उपकरणांची वाट पाहू नये.

उत्तर 2 :
परीक्षा विभागात काम केल्यामुळे एक भर घालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याची तरतूद असून त्यात जादा वेळ आणि लेखनिक या दोन्हींचा उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक मिळतो. मात्र आलेख तोंडी सांगून लेखनिकाकडून काढून घेण्याचा सराव आधी झाला नसेल, तर तो तास त्यातच जातो.

प्रश्नकर्तीकडून :
दोघांचेही आभार. पुठ्ठा तयार केला. सुतळीवरून दोनदा बोट फिरवून त्याने विचारले, "मॅडम, याला वक्र म्हणता, पण ही तर सरळच आहे." आमच्या पुस्तकातही ती सरळच छापलेली आहे! लवचीकतेचा, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते याचा, धडा मग तिथूनच सुरू केला. लेखनिकासोबतचा सराव अजून व्हायचा आहे.