भोजनदान केलं म्हणजे करुणा झाली का?

इंदोऱ्याचा वाचक:
जय भीम. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर भोजनदानाचे स्टॉल लागतात. मसालेभात, पुरीभाजी, बुंदी. येणारा उपाशी जात नाही, याचा मला अभिमान आहे. पण आता आमच्या विहारातही करुणेचा विषय निघाला की बोलणं वाटपावरच येऊन थांबतं. ब्लँकेट कुठे, वह्या किती. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधार सांगितले, त्यातली प्रज्ञा आपण सोडून दिली असं मला वाटतं.

दीघनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातलं चक्कवत्ती सीहनाद सुत्त वाचा. राजा गरिबांना धन देण्याची व्यवस्था करत नाही, म्हणून दारिद्र्य वाढतं आणि चोरी सुरू होते. पकडलेल्या चोराला राजा पैसे देतो. ते ऐकून आणखी लोक चोरी करतात. मग राजा मुंडकी उडवायला लागतो, तर लोकही शस्त्रं उचलतात. दुःखाच्या मुळाशी न जाता दिलेलं दान मी करुणेत धरत नाही.

कामठी रोड:
भाऊ, मी स्टॉलवर उभा राहतो म्हणून बोलतो. बाया लेकरं घेऊन रात्रभर प्रवास करून येतात. तिले भूक लागली हाय, तं तिले दारिद्र्याचं कारण समजावून सांगू का? विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याले धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. आधी उपदेश नाही दिला. तुमाले हे दान वाटते, मले हीच करुणा वाटते. अन् बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतल्या तेराव्या प्रतिज्ञेत आपण प्राणिमात्रावर दया करायचं वचन दिलं आहे, त्याले अट नाही लावली.

वॉर्डातली सिस्टर:
दादा, तुम्हा दोघांच्या बोलण्यात करणाऱ्याचं मन राहूनच गेलं. बौद्ध पंडित बुद्धघोषांनी पाचव्या शतकात 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात करुणेचे दोन शत्रू सांगितलेत. दूरचा शत्रू क्रूरता, ती ओळखू येते. जवळचा शत्रू शोक, तो मात्र करुणेसारखाच दिसतो म्हणून फसवतो. सलाईनसाठी शीर सापडत नसते, तेव्हा डोळे भरून आलेली सिस्टर पेशंटच्या काय कामाची? नवीन मुली प्रत्येकासोबत रडतात आणि काही महिन्यांत अशा कोरड्या होतात की हाक मारली तरी वळत नाहीत. मैत्री, करुणा, मुदिता यांच्यासोबत उपेक्खा, म्हणजे मनाचा समतोल, शिकवली ती यासाठीच. मन असं तयार नसेल तर स्टॉलही थकेल आणि चळवळही.

इंदोऱ्याचा वाचक:
ताई, पटलं. पण कामठी रोड, तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडली. बुद्धांनी त्या भिक्खूला विचारलं, तुझी सेवा कोणी का करत नाही? तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. त्यानंतर बुद्धांनी संघ बोलावला आणि नियमच केला की आजाऱ्याला उपाध्यायानं पाहावं, आचार्यानं पाहावं, कोणीच नसेल तर संघानं पाहावं. निरुपयोगी ठरलेला माणूस पुन्हा घाणीत पडू नये अशी सोय लावली. माझा आग्रह त्या सोयीसाठी आहे.

कामठी रोड:
नियम केला, मान्य. पण हात आधी, नियम मागून. तुमी उलटं सांगता.

धंतोलीची विद्यार्थिनी:
माझी अडचण वेगळी आहे. ककचूपम सुत्तात सांगितलंय की करवतीनं हातपाय कापले तरी मनात द्वेष येऊ देऊ नका. आमच्या गावाकडे जातीवरून मारहाण झाली तेव्हा हेच ऐकवून शांत बसायला सांगणारे भेटले. मग अट्रॉसिटीची केस करायची की नाही?

इंदोऱ्याचा वाचक:
करायचीच, ताई. त्या सुत्तात द्वेष सोडायला सांगितलंय, अन्याय चालू द्यायला नाही. बुद्ध दरोडेखोर अंगुलिमालाच्या वाटेवर गेले आणि त्यांनी हत्या थांबवल्या. करणाऱ्याला थांबवणं ही त्याच्यावरचीही करुणा आहे. म्हणूनच म्हणतो, यंदा स्टॉलच्या वर्गणीतला अर्धा वाटा अशा केसेसना आणि वसतिगृहातल्या पोरांच्या मेसला द्या.

कामठी रोड:
ते नाही होणार. लोकांनी जेवणासाठी दिलेला पैसा जेवणातच जाईल, त्यात माझ्याच्यानं बदल होत नाही. केससाठी वेगळी वर्गणी काढा. पहिली पावती माझ्या नावानं फाडा.